खिशातलं छोटं रिव्हॉल्व्हर घ्यायचंय? आधी भाड्याने घेऊन चालवून बघा

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून परमिटशिवाय बंदूक कॅरी करता येते, म्हणजे अंगावर बाळगून फिरता येतं, आणि तेव्हापासून अमेरिकेतल्या आपल्या देशी ग्रुपांवर अधूनमधून कुणीतरी विचारतंच की खिशात मावेल असं छोट्या नळीचं रिव्हॉल्व्हर कुठलं घेऊ, आणि लगेच दहा जण मॉडेल नंबर फेकायला लागतात. मॉडेलचं नंतर बघू हो, आधी तुमच्या व्हिसाचं बघू.

एच-वन-बी, एल-वन, एफ-वन असल्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक विकत घेणं सोडाच, जवळ बाळगणंही गुन्हा आहे. अपवाद मोजकेच आहेत, त्यातला एक म्हणजे चालू हंटिंग लायसन्स, पण तोही मित्राने सांगितलं म्हणून वापरू नका, वकिलाला विचारा. आणि बायकोचं ग्रीन कार्ड आहे ना मग तिच्या नावावर घेऊ, हे डोकं तर अजिबात चालवू नका. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात खरा खरेदीदार तुम्हीच का असं सरळ विचारलेलं असतं आणि तिथे खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना आणि सिटिझन लोकांना पुढचं वाचायला हरकत नाही. प्रत्येक राज्याचे कायदे वेगळे, तेवढं आपापलं बघून घ्या.

आता रिव्हॉल्व्हर. स्नबनोज म्हणजे साधारण दोन इंच नळीचं. १९२७ साली कोल्टने डिटेक्टिव्ह स्पेशल काढलं ते सहा गोळ्यांचं होतं, मग १९५० ला स्मिथ अँड वेसनने चीफ्स स्पेशल काढलं, पाच गोळ्यांचं आणि अजून बारीक, आणि आज लोक ज्याला जे-फ्रेम म्हणतात ते हेच घराणं. दुकानात शिरलात की काउंटरवरचा माणूस बहुतेक वेळा यातलंच ६४२ नंबरचं मॉडेल हातात देतो. पंधरा औंसांच्या आत वजन, म्हणजे पाउंडापेक्षाही कमी, हातात घेतलं की वाटतं अरे व्वा, काहीच वजन नाही, पँटच्या खिशात कळणारसुद्धा नाही. इथेच गंमत आहे, म्हणून तर म्हणतो, आधी रेंजवर (गोळीबाराच्या सरावाच्या जागी) भाड्याने घेऊन चालवून बघा.

हलकं रिव्हॉल्व्हर बाळगायला सोपं आणि चालवायला अवघड असतं, हे आधी डोक्यात बसवा. झटका शोषून घ्यायला धातूचं वजन लागतं, ते नसलं की सगळा झटका हातात येतो. पाउंडभर वजनाच्या आतल्या गनमधून .३५७ मॅग्नम (नेहमीच्या .३८ स्पेशलपेक्षा बरंच जोरदार काडतूस) मारलं तर तळहातावर कुणी बत्ता हाणल्यासारखं होतं, दुसरी गोळी मारायची इच्छाच राहत नाही. आणि ज्याची प्रॅक्टिस करायची इच्छा होत नाही ते खिशात ठेवून काय उपयोग? स्मिथचं ३४०पीडी हे स्कँडियमवालं (हलक्या मिश्रधातूचं) बारा औंसांच्याही आत आहे, दिसायला झकास, पण नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. अशा अतिहलक्या गनमध्ये अजून एक भानगड होते, झटक्याने बाकीच्या काडतुसांमधल्या गोळ्या पितळी केसमधून पुढे सरकतात आणि सिलिंडरच्या (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाच्या) तोंडातून बाहेर आल्या तर सिलिंडर फिरायचाच बंद होतो. म्हणून जी काडतुसं खिशात ठेवणार तीच रेंजवर मारून बघायची, चार मारली की पाचवं काढून गोळी पुढे सरकलीय का ते बघायचं.

ट्रिगरचंही तसंच. रिव्हॉल्व्हरला सहसा वेगळी सेफ्टी नसते, लांब आणि जड ट्रिगर हीच सेफ्टी. ६४२ चा ट्रिगर बारा पाउंडांच्या आसपास भरतो, म्हणजे पाउंडाच्या आतली वस्तू स्थिर धरून तिच्यावर बारा पाउंडांचा दाब द्यायचा, मग पुढचं टोक हलणार नाही तर काय होईल. रुगरचं एलसीआर २००९ ला आलं, त्याचा ट्रिगर पहिल्या दिवसापासून बराच मऊ लागतो, वजन साडेतेरा औंस. ज्यांच्या बोटात जोर कमी आहे किंवा संधिवात आहे त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून रिकाम्या गनचा ट्रिगर दुकानदाराला विचारून दहा-दहा वेळा ओढून बघावा. फरक लगेच कळतो, त्यासाठी कुठला व्हिडिओ बघायला नको.

हॅमर, म्हणजे काडतुसावर आघात करणारा मागचा घोडा, बाहेर दिसणारा की आत झाकलेला? खिशातून काढायचं असेल तर झाकलेलाच घ्या, बाहेरचा हॅमर कापडात अडकतो. बोटाने हॅमर मागे ओढून हलक्या ट्रिगरने नेम धरता येतो हे खरं, पण ते रेंजवरचं सुख आहे.

माझं विचाराल तर पहिल्यांदाच घेणाऱ्याने .३८ स्पेशलच घ्यावं, आणि खिशाऐवजी बेल्टवर लावणार असाल तर स्टीलचं घ्या. रुगर एसपी१०१ पंचवीस औंसांच्या आसपास आहे, किंबर के६एस तेवीसच्या आसपास आणि त्यात सहा गोळ्या बसतात, किंमत मात्र तशीच चढी. टॉरस ८५६ पण सहाचं आणि स्वस्तात मिळतं. ही सगळी चांगल्या पट्ट्यावर दिवसभर त्रास देत नाहीत. .३५७ ची गन घेतली तरी तिच्यात .३८ चालतं, उलटं चालत नाही. हाताला झटका सोसत नसेल तर .३२ एच अँड आर मॅग्नम या काडतुसाच्या गनचा विचार करा, २०२४ ला स्मिथने अल्टिमेट कॅरी नावाने जी जे-फ्रेम काढली त्यातली काही या कॅलिबरची आहेत, सहा गोळ्या बसतात, झटका कमी आणि पुढची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, नीट दिसते. जुन्या मॉडेल्सवर साइट म्हणजे वरून कोरलेली एक चर आणि पुढे बारीकसा उंचवटा, चाळिशीनंतर चष्म्यातून तो शोधतच बसावं लागतं.

गोळ्यांचं थोडक्यात. छोट्या नळीत वेग कमी पडतो, त्यामुळे होलो पॉइंट गोळी (तोंडाला पोकळी असलेली, लागल्यावर फुलणारी) फुलेलच असं नाही, म्हणून स्पीअर गोल्ड डॉट १३५ ग्रेनसारखी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) मुद्दाम छोट्या नळीसाठी केलेली गोळी घ्या. झटका फार वाटत असेल तर १४८ ग्रेनची साधी वॉडकटर, सपाट तोंडाची, तिला कमी लेखू नका. एडिसन वगैरे भागातल्या मंडळींनी लक्षात ठेवा, न्यू जर्सीत होलो पॉइंट घरी आणि रेंजवर ठीक, कॅरी करताना नाही. तिथले लोक बहुतेक हॉर्नाडी क्रिटिकल डिफेन्स वापरतात, तिच्या तोंडात प्लास्टिकचं टोक भरलेलं असतं, आणि ती होलो पॉइंटमध्ये धरत नाहीत असं तिथले स्टेट पोलिसच सांगतात.

खिशात ठेवायचं तर पॉकेट होल्स्टर, म्हणजे खिशात मावणारं गनचं कव्हर, हवंच आणि त्या खिशात दुसरं काहीही नको, किल्ल्या नाही, सुट्टे पैसे नाही, बडीशेपची पुडीही नाही. ट्रिगर पूर्ण झाकला गेलाच पाहिजे. पर्समध्ये सुटं टाकणं तर नकोच, पर्स खुर्चीला लटकते आणि पोरं तिच्यात चॉकलेट शोधतात.

अजून एक, मॅगझिनवालं पिस्तूल चालवायची सवय असलेले लोक दोन्ही अंगठे पुढे ठेवतात. रिव्हॉल्व्हरमध्ये तसं करू नका, सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून तापलेला गॅस आडवा बाहेर येतो आणि पुढे आलेला अंगठा चांगलाच भाजतो. इथे अंगठे एकावर एक, मागेच.

सेकंडहँड मिळत असेल तर गन रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, मग ट्रिगर सावकाश शेवटपर्यंत ओढून तसाच दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने सिलिंडर हलवून बघा. किंचित हलला तर चालतं, खडखड हलला तर सोडून द्या. सिलिंडर पुढेमागेही हलवून बघा. सिलिंडरमधल्या काडतुसाच्या प्रत्येक घराला हे करायचं, एकदाच करून मान डोलवायची नाही. रिकाम्या केसेस बाहेर ढकलणारा इजेक्टर रॉड छोटा असतो त्यामुळे त्या अर्धवट अडकतात, नळी आभाळाकडे करून रॉड एका फटक्यात दाबायचा म्हणजे पडतात.

घरात लॉकबॉक्स पाहिजेच. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली गन १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर ठेवणाऱ्यावर गुन्हा होतो, आणि आपल्याकडे वर भारतातून आईबाबा सहा महिने राहायला येतात, ते कपाटं आवरतात, गाद्या उलटतात, त्यांना आधीच सांगून ठेवा की या डब्याला हात लावायचा नाही.

आणि रेंजची बॅग वेगळी ठेवा, फक्त रेंजचीच. तीच बॅकपॅक घेऊन भारतात गेलात आणि कुठल्या कप्प्यात एक जरी काडतूस राहिलं तरी विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसतं आणि आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होतो. लोकांवर खरंच झालेत. पुण्याची फ्लाइट चुकते ती चुकतेच, वर कोर्टाच्या तारखा.