परीक्षाचिंतेचा अभ्यास: प्रश्नावली आणि मुलाखत यांची सांगड कशी घालावी

दहावीच्या विद्यार्थ्यांमधील परीक्षाचिंता अभ्यासताना प्रश्नावलीचे निष्कर्ष एका प्रकरणात आणि मुलाखतींचे दुसऱ्या प्रकरणात मांडले, की काम झाले असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तिथे दोन अभ्यास केवळ शेजारी ठेवलेले असतात.

पालकांची लेखी संमती आणि मुलांची स्वतःची तयारी मिळाल्यावर संख्यात्मक टप्पा, म्हणजे प्रश्नावली, आधी घ्यावा. मानसशास्त्रज्ञ स्पीलबर्गर यांच्या १९८०च्या परीक्षाचिंता सूचीत (ही एक प्रश्नावलीच) २० विधाने असून प्रत्येकाला १ ते ४ गुण असल्याने प्राप्तांक २० ते ८० यांदरम्यान येतो. मराठी रूपांतर वापरायचे असल्यास ते आधी छोट्या गटावर तपासावे.

मुलाखतींसाठी केवळ सर्वाधिक प्राप्तांकाची मुले निवडू नयेत. सराव परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही धास्तावलेली आणि गुण कमी असूनही निर्धास्त दिसणारी मुले अधिक काही सांगून जातात. ‘भीती वाटते का?’ असे न विचारता ‘प्रश्नपत्रिका हातात पडल्यानंतरची पहिली पाच मिनिटे सांग’ असे म्हणावे. (वर्गशिक्षकांच्या देखत विचारल्यास सगळ्यांचे सगळे छानच चाललेले असते.)

खरी सांगड तक्त्यात पडते: एका रकान्यात प्राप्तांक, शेजारी मुलाचे शब्द, तिसऱ्यात दोहोंचा मेळ. प्राप्तांक अवघा २८, म्हणजे चिंता कमी, पण ‘पेपरच्या आदल्या रात्री झोपच लागत नाही’ असे सांगणारा विद्यार्थी आढळल्यास ती नोंद चूक समजून वगळू नये. विधान त्याला कळले होते का, की त्याने अपेक्षित उत्तर दिले, हे त्यालाच पुन्हा भेटून विचारावे.