होळीच्या आधी जुन्या गाडीची तयारी

आमच्या विदर्भात जुनी गाडी दगा देते ती एप्रिल-मेच्या दुपारी, लग्नाची मंडळी भरलेली असताना, आणि जवळपास ना गाव ना सावली अशा ठिकाणी. म्हणून तिची तयारी होळीच्या आत, अंगणात, सकाळच्या गारव्यात उरकावी. लग्नसराई सुरू झाली की मिस्त्रीला फुरसत नसते आणि घाईने केलेले काम पुन्हा करावे लागते. पुढचे सर्व बारा-पंधरा वर्षे वापरलेल्या डिझेल बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओसारख्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर बदलायला कोणी विसरत नाही, तेव्हा त्यावर शब्द खर्च करत नाही. विसरले जाते ते रेडिएटरचे झाकण. गेल्या हंगामात आमच्या गाडीचे हेड गॅस्केट (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सांधपट्टी) गेले ते या झाकणापायीच. रेडिएटर, होज (रबरी नळ्या), पंखा, बेल्ट असे सारे काही असलेल्या आमच्या तयारीच्या यादीत नेमके तेवढेच नव्हते.

सुरुवात रेडिएटरच्या बाहेरच्या अंगापासून करावी. तुरीची मळणी, कुटाराची ने-आण, जिनिंगसमोरच्या रांगा असा हिवाळा काढलेल्या गाडीच्या जाळीत भुसा, कापसाचे तंतू आणि किडे इतके घट्ट बसतात की मागून टॉर्च लावला तरी पुढे उजेड येत नाही. एसी असलेल्या गाडीत खरा कचरा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत साचतो. समोरून जाळी स्वच्छ दिसते, त्यामुळे ही फट पाहायची राहून जाते. वरचे बोल्ट सैल करून ती पाहावीच. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, साध्या नळीने मारावे. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पातळ पात्या आडव्या होतात आणि मग तिथून वारा जातच नाही.

आत काय भरायचे, याबाबत आपल्याकडे फार हयगय होते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात तर जमिनीखालचे पाणीच खारे असलेला खारपाणपट्टा आहे, पण त्याबाहेरही बहुतेक बोअरचे पाणी जड असते. असे पाणी तापले की त्यातले क्षार रेडिएटरच्या अरुंद नळ्यांच्या आत थर धरतात, आणि बाहेरून चकचकीत दिसणारा रेडिएटर आतून निम्मा बुजलेला असतो. झाकण उघडल्यावर पाणी गेरूच्या रंगाचे दिसले, तर ते पूर्ण काढून, स्वच्छ पाणी येईपर्यंत खळबळून घ्यावे, आणि मग कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) व डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरावे. तयार मिश्रणाचा डबा आणला असेल, तर त्यात पुन्हा पाणी घालू नये. काढलेले कूलंट अंगणात किंवा नालीत ओतू नका, हे मी कळकळीने सांगतो. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. त्याची चव गोड असल्याने कुत्रे, शेळी, वासरू ते चाटते आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरते. झाकणबंद कॅनमध्ये भरून ते मिस्त्रीकडे द्यावे.

आता झाकण. पाणी सांडू नये एवढ्यासाठीच ते असते, असा सर्वसाधारण समज आहे आणि सारे नुकसान त्या समजातून होते. हे झाकण दाब धरून ठेवते. साधे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, झाकणाने ०.९ बार दाब धरला, तर तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते, आणि त्याच्या जवळपासचे दिवस आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात. अशा हवेत भरलेली गाडी ओढणाऱ्या इंजिनाला हे अठरा अंश हवेच असतात. झाकणाची स्प्रिंग थकली किंवा रबर वाळले, की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळते आणि बाजूच्या कूलंटच्या बाटलीतून बाहेर पडते. बाटलीतून सांडलेले पाणी तापल्या सायलेन्सरवर आणि रस्त्यावर क्षणात वाळते, त्यामुळे मागे खूणही राहत नाही.

झाकणाला दोन वायसर असतात, हेही लक्षात घ्यावे. मोठा वायसर दाब धरतो. खाली मध्यभागी असलेली लहान चकती इंजिन थंड होताना बाटलीतले कूलंट परत आत ओढू देते. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढून हातात घ्यावे, फडक्याने पुसावे आणि रबराच्या कडेवर नखाने हलका दाब द्यावा. चांगले रबर दबते आणि परत वर येते. वाळलेल्या रबरावर नखाची खूण तशीच राहते, आणि उन्हात तिरके धरून पाहिले की कडेने केसासारख्या बारीक भेगा दिसतात. लहान चकती बोटाने खाली ओढून सोडावी. ती झटकन जागेवर बसली नाही, तर झाकण बाद. बदलताना जुन्या झाकणावर ०.९, १.१ असा जो आकडा छापलेला असेल, तोच नव्यावर पाहून घ्यावा. जास्त दाबाचे झाकण अधिक मजबूत असते, असे सांगणारा दुकानदार भेटला, तर त्याचे ऐकू नये. जुना होज आणि जुना रेडिएटर तो दाब सोसत नाहीत आणि फाटतात.

नुसते पाहून समाधान होत नसेल, तर एक खात्रीचा उपाय आहे. संध्याकाळी गाडी फिरून आल्यावर बाटलीतल्या पातळीवर पेनाने खूण करावी आणि सकाळी पुन्हा पाहावे. पातळी खाली आलेली असावी, कारण थंड होताना कूलंट आत ओढले जाते. पातळी जिथल्या तिथे असेल आणि वरचा होज पिचकलेला असेल, तर झाकणाची लहान चकती अडकली आहे. बाटली भरलेली आहे म्हणून रेडिएटरही भरलेला आहे, असे मुळीच धरू नये. तपमानाच्या काट्यावरही विसंबू नये. पाणी निघून गेले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा मध्यावरच राहू शकतो, तोवर इंजिनाचे हेड वाकत असते. आमच्याकडे नेमके हेच झाले; काटा शेवटपर्यंत बरोबर मध्ये होता. आणि गरम इंजिनावर झाकण कोणीही, कितीही घाई असली तरी, उघडू नये. दाब सुटताच उकळते पाणी तोंडावर आणि छातीवर येते. वरचा होज उघड्या हाताने निवांत धरता येईपर्यंत थांबावे.

थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणाऱ्या झडपेबद्दल, मिस्त्री लोक एक सल्ला हमखास देतात, “काढून टाका साहेब, गाडी थंड राहील.” काढू नका. काही इंजिनांत तो काढल्यावर बरेचसे पाणी रेडिएटरमध्ये न जाताच आतल्या आत फिरत राहते, आणि हिवाळ्यात इंजिन गरम व्हायला वेळ लागून डिझेल जास्त जाते. संशय असेल, तर तो काढून पातेल्यातल्या पाण्यात तापवावा; त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडला नाही, तर नवा बसवावा. होज दाबून पाहावेत. ज्या ठिकाणी ते फुगीर, मऊ किंवा करकरीत लागतील, तिथून ते रस्त्यात फाटणार आहेत, म्हणून क्लिपसकट बदलावेत. बेल्टची आतली बाजू उलटून भेगा पाहाव्यात. बेल्टवर चालणाऱ्या पंख्याला मध्ये व्हिस्कस कपलिंग (तेल भरलेला जोड) असेल, तर गरम इंजिन बंद केल्यावर पंखा हाताने फिरवून पाहावा. तो सैलपणे गरगर फिरला, तर कपलिंगमधले तेल गेले आहे. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून ओघळ दिसला, तर पंप बदलावा. हे सगळे केले आणि झाकण जुनेच ठेवले, तर काही केले नाही असे समजावे. मिस्त्रीकडे पंप लावून दाब तपासण्याचे यंत्र असेल, तर रेडिएटर आणि झाकण दोन्ही तपासून मागावेत. बहुतेक जण फक्त रेडिएटर तपासून देतात.

पांदण रस्त्याने फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरच्या बराच आधी भरतो. हवा आतून बाहेर मारावी. आपटून साफ केल्याने कागद फाटतो आणि धूळ सरळ इंजिनात जाते. डिझेल फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून साचलेले पाणी काढावे. गाडी कुटाराच्या किंवा कापसाच्या खोलीशेजारी उभी राहत असेल, तर उंदरांनी कुरतडलेले वायर शोधावेत, आणि सायलेन्सरवर, चेसिसच्या कोपऱ्यांत अडकलेले वाळलेले गवत हाताने ओढून काढावे. यात आळस करू नये. भर उन्हाळ्यात पेटलेली गाडी विझवायला रस्त्यावर पाणी कुठून आणणार?

टायरची नक्षी सगळे पाहतात, वय कोणी पाहत नाही. कडेवर कोरलेल्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कमी धावलेला, पण उन्हात उभा राहून कडेला भेगा पडलेला टायर समृद्धी महामार्गावर नेऊ नये. तिथे सिमेंटचा तापलेला रस्ता आणि न थांबता धावण्याचा वेग एकत्र येतात. अशा जुन्या गाडीने तिथे ८०च्या पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी आणि स्टेपनीचीही तपासावी.

ब्रेक ऑइल ओलावा शोषून घेते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. चिखलदऱ्याचा घाट उतरायचा असेल तर विशेषच, कारण सततच्या ब्रेकने तापलेल्या जुन्या ऑइलमध्ये वाफ धरते आणि पेडल तळाला जाते. उतरताना गिअर खालचा ठेवावा. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांपैकी एखादा तुटला आहे का, ते पाटे चेसिसला जोडणाऱ्या शॅकलचे बुश झिजले आहेत का, हे वाकून पाहावे. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला (सांध्याला) ग्रीस मारून घ्यावे.

बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर, टर्मिनल स्वच्छ. पेटीत जॅक, पाना, टॉर्च, एक जादा बेल्ट, दोन क्लिप, पाच लिटर तयार कूलंट आणि एक नवे झाकण ठेवावे. गाडी वाटेत तापलीच, तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा, बाजूला थांबावे, आणि गरम इंजिनावर थंड पाणी ओतू नये.

कागदपत्रांत पीयूसी आणि विमा पाहावा. खासगी गाडीला पंधरा वर्षे होत आली असतील, तर नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज, नमुना २५, मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत करता येतो. तपासणीला नेण्यापूर्वी चेसिसवरच्या क्रमांकाची माती आणि गंज घासून तो वाचता येईल असा करावा, आणि गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असल्यास उच्च सुरक्षा नंबरप्लेट आधीच बसवून घ्यावी.