फुप्फुसांच्या जुन्या आजारात झोप मोडते तेव्हा काय करावे

रात्री तीनच्या सुमारास आई पलंगाच्या कडेला बसलेली असायची. हात गुडघ्यांवर टेकलेले, मान खाली, ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडत. विचारलं की म्हणायची, "वय झालं रे, झोप कुठली लागायला." आम्हीही कित्येक महिने तेच धरून चाललो. तिला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन श्वास अडखळणारा फुप्फुसांचा जुना आजार होता आणि झोप त्या आजारानेच मोडत होती, हे फार उशिरा लक्षात आलं. तुमच्या घरी एवढा उशीर होऊ नये.

मुळात रात्री काय होतं?

झोपेत सगळ्यांचाच श्वास थोडा उथळ होतो. स्वप्नं पडतात त्या झोपेत तर मानेचे आणि बरगड्यांचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाचा सगळा भार एकट्या श्वासपटलावर, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूवर येतो. सीओपीडीत फुप्फुसांत हवा कोंडून राहिल्यामुळे हे श्वासपटल आधीच सपाट झालेलं असतं, त्याला नीट जोर लावता येत नाही. मग रक्तातला ऑक्सिजन उतरतो. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते, म्हणून हा त्रासही पहाटेच वाढतो. दमेकऱ्यांच्या श्वासनलिकाही त्याच सुमारास जास्त आकसतात.

पायरी 1: दोन आठवडे वही ठेवा

ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. उशाशी वही-पेन ठेवा. जाग आली की वेळ आणि कारण, एवढंच लिहा. आईच्या वहीतलं एक पान असं होतं: "3.20. खोकला. बेडका सुटेना. 5.10. दचकून जाग, धाप. सकाळी डोकं ठणकतंय."

त्या शेवटच्या वाक्यातच उत्तर होतं. उठल्याउठल्या डोकं जड होणं आणि तासाभरात उतरणं, हे रात्री कार्बन डायऑक्साइड साठत असल्याचं लक्षण असू शकतं. छातीत जळजळ, लघवीला उठणं, पायांची वळवळ, नुसती भीती, जे असेल ते लिहा. घोरणं आणि मध्येच श्वास थांबणं मात्र शेजारी झोपणाऱ्यालाच कळतं, त्यांनाही विचारा. सीओपीडी आणि झोपेतला श्वासरोध म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया हे दोन्ही एकाच माणसाला असू शकतात. या जोडीला 1985 मध्ये डेव्हिड फ्लेनली यांनी 'ओव्हरलॅप सिंड्रोम' हे नाव दिलं. अशा वेळी ऑक्सिजन एकेका आजारापेक्षा जास्त खाली जातो.

बायकांनी इथे जास्त सावध राहावं. त्यांच्यात अ‍ॅप्निया बरेचदा मोठ्या घोरण्याऐवजी थकवा, निद्रानाश आणि डोकेदुखी अशा रूपात येतो, शिवाय पाळी गेल्यावर त्याचा धोका वाढतो. 'टेन्शनमुळे होतंय' म्हणून विषय तिथेच संपतो. संपू देऊ नका, तपासणी मागून घ्या.

पायरी 2: औषधांच्या वेळा तपासून घ्या

स्टेरॉइडच्या गोळ्या संध्याकाळी घेतल्या तर झोप उडवतात. लघवीची गोळी उशिरा घेतली तर रात्रभर उठबस होते. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या थिओफिलिन या औषधाचा परिणाम कॉफीसारखा होतो. यातलं काही स्वतः बदलू नका, वही दाखवून डॉक्टरांकडून वेळ बदलून घ्या. पंप (इनहेलर) कसा ओढता, तेही त्यांच्यासमोर करून दाखवा. वर्षानुवर्षं चुकीचा ओढणारी माणसं कमी नाहीत.

पायरी 3: झोपण्याची तयारी

रात्रीचं जेवण हलकं आणि झोपेच्या दोन-तीन तास आधी. अंथरुणावर पडण्यापूर्वी बेडका मोकळा करून टाका. जळजळ होत असेल तर पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली ठोकळे देऊन ती बाजू 15 ते 20 सेंटिमीटर उचला. नुसत्या उशांच्या थप्पीने मान वाकते आणि पोट दबतं.

पायरी 4: जाग आलीच तर

उठून बसा, पुढे झुका, कोपरं उशीवर टेकवा. नाकाने श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून, घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडा. चेहऱ्यावर पंख्याची झुळूक घेतली तरी धाप कमी जाणवते. लगेच आराम देणारा पंप अंधारात हाताला लागेल असा ठेवा.

ओठ निळे पडले, एक वाक्यही पूर्ण बोलता येईना किंवा माणूस गुंगीत बरळू लागला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

झोपेची गोळी आणि ऑक्सिजन

झोपेच्या अनेक गोळ्या, अफूजन्य वेदनाशामकं आणि दारू श्वासाची प्रेरणाच मंदावतात. म्हणून जुनी शिल्लक गोळी किंवा शेजाऱ्याची गोळी नकोच. निद्रानाशासाठी सीबीटी-आय नावाची वर्तन उपचारपद्धती आहे, तिच्याबद्दल आधी विचारा.

घरी ऑक्सिजन लावला असेल तर मशीनवरचा आकडा मनाने वाढवू नका. कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या सीओपीडीच्या रुग्णांत रक्तातल्या ऑक्सिजनचं लक्ष्य सहसा 88 ते 92 टक्के एवढंच असतं, त्याहून जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड आणखी साठू शकतो. आणि नळीजवळ विडी, दिवा, काडी काहीही नको.

आईची रात्रभराची तपासणी झाली आणि बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन आलं. पहिल्या आठवड्यात तिने मास्क रोज रात्री काढून फेकला. मग आम्ही तो दुपारी, ती जागी बसलेली असताना, अर्धा-अर्धा तास लावायला लागलो. पट्टे सैल केले, नाकावर टोचणारा मास्क बदलून मोठा घेतला. सवय व्हायला महिना लागला, तेवढा वेळ धरूनच चला.