रब्बी कांद्याचा खत-हिशेब: गोणीवरच्या टक्क्यापासून एकरी किलोपर्यंत

डिसेंबर-जानेवारीत जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर भागात कांद्याची लागण सुरू झाली की खत गोण्यांत मोजले जाते: एकरी दोन युरिया, एक डीएपी (डाय अमोनियम फॉस्फेट, नत्र १८ आणि स्फुरद ४६ टक्के). शिफारस मात्र किलोत असते. हेक्टरी १००:५०:५० म्हणजे नत्र (नायट्रोजन) १०० किलो, स्फुरद (फॉस्फरस) ५०, पालाश (पोटॅशियम) ५०. अडीचने भागले की एकरी ४०:२०:२०. एवढे अन्नद्रव्य किती खतातून मिळेल, हे गोणीवरचा टक्का सांगतो.

हा टक्का काढणे अवघड नाही. युरियाच्या एका रेणूत कार्बनचा १ अणू (१२), ऑक्सिजनचा १ (१६), नायट्रोजनचे २ (१४ × २ = २८) आणि हायड्रोजनचे ४ (४) असतात. एकूण वजन ६०, त्यात नत्र २८. म्हणून २८ ÷ ६० × १०० = ४६.६७ टक्के. गोणीवर ४६ छापतात, कारण तयार खतात थोडा ओलावा आणि बाययुरेट (युरिया बनवताना तयार होणारा जोडपदार्थ) असते. ४५ किलोच्या गोणीत नत्र भरते २०.७ किलो.

ठिबकवाल्यांनी १२:६१:०० हे विद्राव्य खत घेऊन हाच हिशेब करून पाहावा. ते म्हणजे मोनो अमोनियम फॉस्फेट; त्याच्या रेणूचे वजन ११५, त्यात नत्र १४, म्हणजे १२.२ टक्के. स्फुरदाकडे मात्र लक्ष द्या. त्याच रेणूत फॉस्फरस आहे ३१, म्हणजे फक्त २७ टक्के. मग ६१ कुठून आले? आपल्याकडे स्फुरद फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात मोजतात. त्यात २ फॉस्फरसला ५ ऑक्सिजन जोडलेले, वजन १४२, पैकी फॉस्फरस ६२. एका फॉस्फरसच्या वाट्याला ७१ येतात आणि ७१ ÷ ११५ म्हणजे ६१.७ टक्के. पालाशही पोटॅशियम ऑक्साइडच्या रूपात मोजतात. शिफारस आणि गोणी दोन्हींची भाषा हीच, त्यामुळे नेहमीच्या हिशेबात काही बदलायला नको. माती परीक्षणाच्या अहवालात नुसता फॉस्फरस दिला असेल तर २.२९ ने गुणा, नुसते पोटॅशियम असेल तर १.२ ने. अहवालात आधीच ऑक्साइडचे आकडे असताना पुन्हा गुणले, तर स्फुरद दुपटीहून जास्त दिसते आणि खत नको तिथे कमी होते.

आता एकराचा हिशेब. स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट (१६ टक्के) घेतले तर २० ÷ ०.१६ = १२५ किलो, म्हणजे ५० किलोच्या अडीच गोण्या. त्यात ११ टक्के गंधक असल्याने पावणेचौदा किलो गंधक सोबत मिळते. कांद्याला गंधक लागतेच, म्हणून या पिकाला डीएपीपेक्षा सुपर फॉस्फेट सरस. पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश (६० टक्के) ३३ किलो. निम्मे नत्र लागणीला, म्हणजे युरियाची एक गोणी. उरलेले दोन समान हप्त्यांत, ३० आणि ४५ दिवसांनी अर्धी-अर्धी गोणी. रान १० गुंठे असेल तर सगळ्याचा पाव भाग घ्या, पण वजनकाट्यावर. घमेल्याच्या अंदाजावर जाऊ नका.

खरी चूक डीएपी घेताना होते. स्फुरदासाठी ४३.५ किलो डीएपी टाकले की १८ टक्क्यांनी ७.८ किलो नत्रही जाते. ते वजा करून लागणीला युरिया २६.५ किलोच पुरे. वजा न करता पूर्ण गोणी टाकली तर साडेआठ किलो नत्र जादा होते. पात माजते, माना जाड राहतात, आणि असा कांदा चाळीत टिकत नाही.

गंधकयुक्त युरियाची गोणी ४० किलोची, नत्र ३७ टक्के, म्हणजे १४.८ किलो. साध्या युरियाच्या दोन गोण्यांऐवजी याच्या दोन टाकल्या तर एकरी दहा किलोहून जास्त नत्र कमी पडते. ४० किलोसाठी १०८ किलो लागेल.

जस्ताची गंमत पाण्यात आहे. झिंक सल्फेटच्या स्फटिकात पाण्याचे ७ रेणू असतात: वजन २८७.५, जस्त ६५.४, म्हणजे २२.७ टक्के. पाकिटावर २१. एकच रेणू पाणी असलेल्या प्रकारात पाकिटावर ३३ टक्के असतात. माती परीक्षणात जस्त ०.६ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ०.६ भाग) कमी आले तर एकरी १० किलो पहिला प्रकार किंवा ६.४ किलो दुसरा, जस्त दोन्हीकडे सारखेच, २.१ किलो. भाव विचारताना किमतीला आतल्या जस्ताच्या किलोने भागा, स्वस्त पाकीट कोणते ते लगेच कळते.

फवारणीतला टक्का वेगळा. ०.५ टक्के झिंक सल्फेट म्हणजे खताचे वजन, जस्ताचे नव्हे: १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम. हा आकडा २१ ने भागून वाढवत बसलात तर पात करपेल.

मॅग्नेशियम सल्फेटचे स्फटिक झिंक सल्फेटसारखेच दिसतात आणि भेसळही त्याचीच होते. डीएपी पाण्यात विरघळवून कापडातून गाळा, त्यात संशयित खताचे द्रावण ओता. दाट गुठळ्यांचा साका (गाळ) बसला तर जस्त आहे. मॅग्नेशियम सल्फेट असेल तर असा साका बसत नाही. तशी पिशवी बिलासह तालुका कृषी कार्यालयात दाखवा. हाच साका जमिनीतही बसतो, म्हणून झिंक सल्फेट डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये कालवू नका. कुजलेल्या शेणखतात मिसळून वेगळे द्या.