चार-पाच वर्षांच्या मुलाची प्रवेशचाचणी: घरी तयारी कशी करावी

माझ्या थोरल्याकडून मी एक उत्तर महिनाभर घोटून घेतलं होतं. "तुला काय आवडतं?" असं कुणी विचारलं की म्हणायचं, "मला चित्रं काढायला आणि गोष्टी ऐकायला आवडतात." चाचणीच्या दिवशी बाईंनी त्याला विचारलं, "बाहेर तुझ्याबरोबर कोण आलंय?" तो ताठ बसला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मला चित्रं काढायला आणि गोष्टी ऐकायला आवडतात." दार अर्धवट उघडं होतं, मी बाहेरून ऐकत होते. बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

धाकटीच्या वेळी मी तयारी केलीच, पण वेगळी. ती कशी केली, ते क्रमाने लिहिते.

पायरी १: आधी शाळेला विचारा, मग तयारीला लागा

बहुतेक पालक इतर पालकांना विचारतात. त्यातून ऐकीव गोष्टी आणि धास्ती यांपलीकडे फारसं काही हाती लागत नाही. थेट शाळेला फोन करा. चाचणी किती वेळ चालते? मुलं एकेकटी आत जातात की चार-सहा जणांच्या गटाने? पालकांनी सोबत बसलेलं चालतं का? काही लिहायचं असतं का? कोणत्या भाषेत बोलतात? मूल आजारी पडलं तर दुसरी तारीख मिळते का?

आणि एक प्रश्न हमखास राहून जातो: वयातला फरक कसा धरता? एकाच वर्गासाठी आलेल्या दोन मुलांमध्ये ११ महिन्यांचं अंतर असू शकतं. चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ११ महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा जवळजवळ पाव भाग. काही शाळा जन्ममहिन्यांप्रमाणे गट पाडून तुलना करतात, काही तसं करत नाहीत. आपलं मूल गटातलं सर्वांत लहान असेल आणि शाळा वयाचा विचार करत नसेल, तर नियमात बसत असल्यास एक वर्ष थांबणं हा शहाणपणाचा पर्याय ठरू शकतो.

मूल अडखळत बोलत असेल, घरात दोन भाषा असतील, किंवा त्याला कसलीही वेगळी गरज असेल तर ते आधीच कळवा. लपवून काही साधत नाही. शक्य असेल तर कान आणि डोळेही तपासून घ्या. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचून लहान मुलांना कमी ऐकू येणं अगदी सर्रास घडतं. मग सूचना ऐकूच न आलेल्या मुलावर 'लक्ष देत नाही' असा शेरा बसतो.

पायरी २: ते काय बघतात हे समजून घ्या

सात वर्षांच्या मुलांची गोष्ट वेगळी. लंडनमधल्या काही खासगी शाळांत त्या वयाला भाषा आणि गणिताचे लेखी पेपर असतात, आणि तिथे पेपरचा सराव करणं रास्तच आहे. त्याच शहरात चार वर्षांच्या मुलांना मात्र ठोकळे, चित्रं, गोष्टी यांतूनच पारखतात. जपानमध्ये प्राथमिक शाळांच्या प्रवेशपरीक्षेला 'ओजुकेन' म्हणतात. तिथल्या अनेक शाळांत मुलांना गटाने खेळायला सोडून, ती एकमेकांशी कशी वागतात हे बघणं हा परीक्षेचाच भाग असतो.

म्हणजे रंगांची नावं आणि आकडे यांच्यापलीकडे बरंच काही बघितलं जातं. मूल अनोळखी माणसाबरोबर स्थिर बसतं का, सांगितलेलं ऐकून करतं का, आपली पाळी येईपर्यंत थांबतं का? आणि उत्तर येत नसेल तेव्हा काय करतं? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण वह्या-वर्कशीटमधून तेवढं एकच शिकवता येत नाही.

पायरी ३: अनोळखी माणसाबरोबर बसण्याची सवय

घरात अखंड बडबड करणारं मूल चाचणीच्या खोलीत तोंडातून चकार शब्द काढत नाही, हे फार घडतं. त्यात मुलाचा दोष नाही. 'अनोळखी माणसांशी बोलायचं नाही' असं आपणच त्याला शिकवलेलं असतं, आणि एका सकाळी आपणच त्याला अनोळखी बाईंच्या हाती सोपवून 'छान बोल हं' म्हणतो.

याला निदान दोन-तीन महिने द्या. पहिल्यांदा ओळखीच्याच, पण रोजच्या नसलेल्या एखाद्या मोठ्या माणसाला घरी बोलवा. मुलाबरोबर चित्रकोडं जुळवायला बसवा, तुम्ही त्याच खोलीत दुसरं काहीतरी करा. पुढच्या वेळी पाच मिनिटं बाहेर जा. मग पंधरा. नंतर हेच दुसऱ्याच्या घरी करा, कारण अनोळखी खोलीचंही दडपण असतं. दर वेळी जाताना सांगून जा आणि सांगितलेल्या वेळेला परत या. मुलाचं लक्ष नसताना गुपचूप सटकणं सोयीचं वाटतं, पण त्याने मूल पुढच्या वेळी अधिकच चिकटतं.

या काळात मुलाच्या वतीने उत्तर द्यायची सवय मोडा. ही माझी सर्वांत वाईट खोड होती. कुणी मुलीला नाव विचारलं की ती तोंड उघडायच्या आत मी सांगून मोकळी. मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे असं मी ठरवलं. सातपर्यंत पोचेस्तोवर ती बऱ्याचदा स्वतःच बोलायची. लहान मुलांना प्रश्न पचवायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, एवढंच.

पायरी ४: 'मला येत नाही' हे म्हणता आलं पाहिजे

उत्तर आलं नाही की काही मुलं रडतात, काही टेबलाखाली जातात, काही तोंडाला येईल ते ठोकून देतात. "मला माहीत नाही, सांगाल का?" असं म्हणणारं मूल विरळा, आणि ते लक्षात राहतं.

हे वाक्य पाठ करून घेऊ नका. ते घरात ऐकू येऊ द्या. डबीचं झाकण उघडेना तर मोठ्याने म्हणा, "मला जमत नाहीये, दुसऱ्या बाजूने बघते." त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर तसं सांगा आणि दोघं मिळून शोधा. त्याच्या वयाला जरा अवघड असलेलं कोडं मुद्दाम पुढ्यात ठेवा आणि ते अर्धवट राहिलं तर राहू द्या.

कौतुकाचे शब्दही बदलावे लागतात. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांपैकी काहींना 'तू हुशार आहेस' म्हटलं गेलं आणि काहींच्या मेहनतीचं कौतुक झालं. हुशारीचं कौतुक झालेली मुलं पुढे सोपी कामं निवडण्याकडे झुकली, आणि एकदा अपयश आल्यावर त्यांची कामगिरी जास्त ढासळली. ती मुलं मोठी होती हे खरं, पण 'हुशार गं बाई माझी' हे चार वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरही ओझं होतं, हे मी पाहिलंय. "तू तो तुकडा फिरवून बघितलास, मग बसला" असं घडलेलंच सांगणं पुरतं.

पायरी ५: रोज पंधरा मिनिटं, खेळातच

तासभराचं वेळापत्रक आखू नका. ते आठवडाभर टिकतं आणि मग घरात रोज वाद होतात.

गोष्ट वाचताना मध्येच थांबून विचारा, "आता हा काय करेल?" उत्तर काहीही आलं तरी "असं का वाटतं तुला?" एवढंच पुढे म्हणा. चित्र दाखवून 'हे काय आहे' विचारलं तर एका शब्दात उत्तर येतं. 'इथे काय चाललंय' विचारलं की वाक्यं येतात.

मोजणं म्हणजे एक ते वीस म्हणणं नव्हे. सात बटणं मोजायला द्या आणि मोजून झाल्यावर विचारा, "मग किती आहेत?" मूल पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलं, तर शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या हे त्याला अजून उमगलेलं नाही. ते उमगायला शंभरपर्यंतचं पाठांतर उपयोगी पडत नाही. बटणं, चमचे, जिन्याच्या पायऱ्या असं सगळं मोजत राहणं उपयोगी पडतं.

पेन्सिलीबद्दल घाई नको. साधारणपणे तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्याच्या आसपास अधिकचं चिन्ह, साडेचारला चौकोन आणि पाचला त्रिकोण बघून काढता येतो. दोन-चार महिने मागेपुढे होणारच. बोटांची पकड सुधारायची असेल तर खडूचे लहान लहान तुकडे द्या. लहान तुकडा मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. कात्री, मणी ओवणं, कणकेसारख्या मऊ गोळ्याचे आकार करणं, यानेही हात तयार होतो.

सूचना ऐकण्यासाठी उलटसुलट खेळ खेळा: मी डोक्याला हात लावला की तू पायाला लावायचा. किंवा तीन कामं एका दमात सांगा, "लाल पुस्तक आण, ते खुर्चीवर ठेव आणि टाळी वाजव." तीन जमली नाहीत तर दोन.

हरणं असलेले खेळही हवेत. घरात दर वेळी त्यालाच जिंकू देत असाल तर गटातल्या खेळात पंचाईत होते.

पायरी ६: सराव चाचणी एकदा, फार तर दोनदा

फुटलेले प्रश्न, 'हमखास येणारी' उत्तरं, चाचणीची नक्कल करणारे महागडे क्लास यांच्याबद्दल माझं मत चांगलं नाही. रोज लहान मुलं बघणाऱ्या शिक्षकांना पढवलेलं उत्तर लगेच कळतं. माझ्या थोरल्याचं तर दाराबाहेरून मलाही कळलं.

आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमों या फ्रेंच मानसशास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये बुद्धिचाचणी तयार केली ती कोणत्या मुलांना शिकताना जादा मदत लागेल हे ओळखण्यासाठी. निवडून बाकीच्यांना दाराबाहेर ठेवण्याचा वापर नंतर आला. शिवाय या वयातले गुण फार हलते असतात. तेच मूल तीन महिन्यांनी, किंवा नुसती झोप नीट झाल्यावर, वेगळंच दिसतं.

मूल पुन्हा गादी ओली करू लागलं, नखं खाऊ लागलं, सकाळी पोट दुखतं म्हणू लागलं तर तयारी तिथेच थांबवा. निदान दोन आठवडे 'चाचणी' हा शब्दही घरात काढू नका.

पायरी ७: आदला दिवस आणि तो दिवस

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून १० ते १३ तास झोप लागते, सहाच्या पुढे ९ ते १२. आदल्या रात्री एकदम लवकर झोपवायला गेलात तर मूल टक्क जागं राहील, म्हणून झोपेची वेळ आठवडाभर आधीपासून सरकवा.

कपडे रोजचेच, आणि त्याला स्वतःला काढता-घालता येतील असे. कडक नवे कपडे आणि न उघडणारा पट्टा घालून बाथरूमला जाणाऱ्या मुलाचे हाल मी पाहिलेत. जमलं तर शाळेची इमारत आधी एकदा बाहेरून दाखवून आणा.

सांगायचं एवढंच: "आपण एक शाळा बघायला जाणार आहोत. तिथल्या बाई तुझ्याबरोबर खेळतील, काही विचारतील. मी बाहेर बसेन आणि संपलं की आत येईन." 'नीट वाग', 'आमचं नाव राख' हे नको. दारात तुमचा चेहरा कसा असेल याचाही सराव करा. हात सोडताना आईचा ओठ थरथरला की मूल तिथेच ओळखतं की आत काहीतरी भीतीदायक आहे. आई-बाबांपैकी ज्याचे हात कमी थंड पडतात त्याने सोडायला जावं. आमच्याकडे धाकटीला बाबा घेऊन गेला.

पायरी ८: बाहेर आल्यावर, आणि निकाल लागल्यावर

"काय काय विचारलं?" हा प्रश्न गिळून टाका. भूक लागली आहे का विचारा. जे सांगायचं ते मूल रात्री झोपताना आपणहून सांगतं, नाहीतर सांगत नाही.

दुसरी शाळा निकालाआधीच ठरवून ठेवा आणि तिच्याबद्दलही घरात चांगलंच बोला. निकालाची चर्चा मूल झोपल्यावर करा, फोनवरची सुद्धा, कारण शेजारच्या खोलीत खेळणाऱ्या मुलाचे कान आपल्याच वाक्यांकडे असतात. नकार आला आणि मुलाने विचारलंच, तर "त्या वर्गात जागा थोड्या होत्या, तू या शाळेत जाणार आहेस" एवढं पुरतं, आणि ते खरंही आहे.

मग शाळेला एक फोन करा. प्रतीक्षायादी आहे का, असल्यास ती कधीपर्यंत चालते, आणि वरच्या कोणत्या इयत्तेला पुन्हा प्रवेश देतात, हे विचारून तारखा लिहून ठेवा.