अमेरिकेतल्या सार्वजनिक हायस्कूलचा इतिहास आणि त्याची क्रीडापरंपरा कशी लिहावी

अमेरिकेतल्या एखाद्या सार्वजनिक हायस्कूलचा इतिहास लिहायला घेतला की पहिला प्रश्न स्थापनेच्या वर्षाचा येतो, आणि पहिली चूकही बहुधा तिथेच होते. कोनशिलेवरचे वर्ष त्या इमारतीचे असते. शाळा त्याआधी दुसऱ्या जागेत, दुसऱ्या नावाने भरत असू शकते. देशातले पहिले सार्वजनिक हायस्कूल म्हणून ओळखले जाणारे बॉस्टनचे इंग्लिश हायस्कूल १८२१ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याचे नाव इंग्लिश क्लासिकल स्कूल असे होते. त्यामुळे स्थापना, पदवीधरांची पहिली तुकडी आणि सध्याची इमारत यांची वर्षे स्वतंत्रपणे नोंदवावीत आणि प्रत्येकासाठी स्कूल बोर्डाच्या इतिवृत्तांत आधार शोधावा. हायस्कूलवर स्थानिक कराचा पैसा खर्च करता येतो, हे मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलामझूच्या खटल्यात १८७४ मध्ये मान्य केले. त्यानंतरच्या दशकांत निघालेल्या शाळेच्या बाबतीत गावाने त्या कराविषयी काय ठरवले, कोणी विरोध केला, हेही पाहावे. शाळेची खरी जन्मकथा अनेकदा तिथेच सापडते.

खेळांकडे वळताना ट्रॉफींच्या कपाटापासून सुरुवात करू नये. कपाटात फक्त जिंकलेली वर्षे असतात. आधी इयरबुके (शाळेची सचित्र वार्षिके) वर्षवार लावावीत, मग त्या त्या आठवड्याचे स्थानिक वृत्तपत्र काढून गुण ताडून पाहावेत. मात्र एक गोम लक्षात ठेवावी: वसंतात वाटायचे इयरबुक बेसबॉल आणि ट्रॅकचा हंगाम संपण्याआधीच छपाईला गेलेले असते, म्हणून त्यात त्या खेळांचे अंतिम निकाल नसतात किंवा मागच्या वर्षीचे असतात. शिवाय शालेय वर्ष दोन कॅलेंडर वर्षांत विभागलेले असल्याने १९५४ चा फुटबॉल हंगाम आणि मार्च १९५५ मधले बास्केटबॉलचे विजेतेपद एकाच शालेय वर्षातले ठरते. ही नोंद '१९५४-५५' अशी जोडवर्षाने केली म्हणजे पुढचा घोळ टळतो.

अधिकृत यादीत शाळा नाही म्हणजे ती खेळत नव्हती, असे समजू नये. इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिस शहराचे क्रिस्पस ॲटक्स हायस्कूल १९२७ मध्ये केवळ कृष्णवर्णीय मुलांसाठी उघडले, पण राज्याच्या क्रीडा संघटनेने अशा शाळांना १९४२ पर्यंत आपल्या स्पर्धांबाहेरच ठेवले. ती पंधरा वर्षे संघटनेच्या कागदांत सापडत नाहीत. ती शोधायची तर 'इंडियानापोलिस रेकॉर्डर'सारखी कृष्णवर्णीय समाजाची साप्ताहिके चाळावी लागतात. १९५४ मध्ये याच शाळेला हरवून पुढे गेलेल्या छोट्या मायलन गावाच्या संघाने आपला खेळाडू बॉबी प्लंप याच्या अखेरच्या फेकीवर राज्य बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना ३२-३० असा जिंकला, आणि ती कथा देशभर गाजली. पुढच्याच वर्षी, पुढे नामवंत बास्केटबॉलपटू झालेल्या ऑस्कर रॉबर्टसनच्या ॲटक्स संघाने राज्यविजेतेपद जिंकले. विजेत्यांचा जल्लोष शहराच्या मध्यभागी असलेल्या मॉन्युमेंट सर्कलवर करण्याची प्रथा होती. ॲटक्सच्या मिरवणुकीला मात्र तिथे फेरी मारून कृष्णवर्णीय वस्तीतल्या पार्ककडे जावे लागले. 'राज्यविजेते, १९५५' एवढ्या ओळीवर थांबणाऱ्या लेखकाला यातले काहीच हाती लागत नाही, आणि माझ्या मते असा इतिहास अर्धाच राहतो. दक्षिणेत तर शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या ब्राउन निकालानंतर शाळांचे एकत्रीकरण झाले तेव्हा अनेक कृष्णवर्णीय हायस्कुले बंद पडली आणि त्यांचे चषक व छायाचित्रे इतस्ततः झाली. तिथे माजी विद्यार्थ्यांच्या घरातले अल्बम हाच दप्तरखाना असतो.

मुलींच्या खेळांनाही हाच नियम लावावा. १९७१-७२ मध्ये देशभरातल्या हायस्कूल क्रीडास्पर्धांत मुलांची संख्या सुमारे ३६.७ लाख, तर मुलींची जेमतेम २.९४ लाख होती. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा 'टायटल नाइन' कायदा जून १९७२ मध्ये आला, म्हणून त्याआधीची पाने कोरी सोडणे चूक ठरेल. गर्ल्स ॲथलेटिक असोसिएशन (मुलींचे क्रीडामंडळ) या नावाखाली इयरबुकच्या मागच्या भागात शोधावे.

मॅस्कॉट (संघाचे बोधचिन्ह), रंग आणि शाळेचे गीत यांना फार जागा देऊ नये. ते केव्हा व का बदलले एवढे पुरे. दोन शाळांमधल्या सर्वांत जुन्या चुरशीचा दावा करताना मात्र जपून शब्द वापरावेत. मॅसॅच्युसेट्समधल्या नीडम आणि वेल्स्ली यांचा थँक्सगिव्हिंग सणाच्या दिवशीचा फुटबॉल सामना १८८२ पासूनचा आहे, त्यामुळे 'सर्वांत जुनी' असे लिहिण्याआधी 'कोणत्या खेळात, कोणत्या राज्यात आणि खंड न पडता की खंडासह' हे त्याच वाक्यात सांगावे.

जुन्या संघाच्या छायाचित्रातली नावे छायाचित्र पाहणाऱ्याच्या डावीकडून उजवीकडे, रांगेनुसार लिहून घ्यावीत, ती कोणी सांगितली हेही नोंदवावे, आणि मूळ छायाचित्रावर शाईच्या पेनाने काहीही लिहू नये.