दीड-दोन वर्षांच्या लेकराला चित्रांची पुस्तकं कशी दाखवायची, तेही घरातल्या सगळ्यांनी मिळून

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की आपण पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचणार आणि पोरगं मांडीवर गपगुमान बसून ऐकणार. दीड वर्षाचं लेकरू असं बसत नाही, कोणाचंच नाही बसत, ज्यांचं बसतं म्हणे त्यांच्या घरी एकदा जाऊन बघा. ह्या वयात पुस्तक म्हणजे लेकराशी बोलायचं निमित्त, बाकी काही नाही. दोन मिनिटं बघितलं, दोनदा बोट ठेवलं आणि उठून पळालं तरी काम झालं समजा.

दुसरं म्हणजे हे एकट्या आईचं काम नाही. आपल्याकडे धुळे-जळगाव साईडला अजून बऱ्याच घरात आजी-आबा, काका-काकू, शाळेत जाणारी चुलत भावंडं असा गोतावळा असतो, आणि तरी "बाळाला पुस्तक दाखव गं" हे फक्त सुनेलाच सांगितलं जातं, तेही ती भाकरी थापत असताना. प्रत्येकाने दिवसातून पाच मिनिटं घेतली तरी पोराला चार जणांच्या चार तऱ्हा मिळतात, आणि चार तऱ्हेचे शब्द मिळतात ते वेगळंच.

आमच्या घरात हे सगळ्यात भारी कोणाला जमतं तर आजीला, जिला वाचता येत नाही. चिऊच्या एका पुस्तकात भाजीबाजाराचं पान आहे, आजी ते उघडते, बोट ठेवते आणि अहिराणीत विचारते, "हाई काय शे?" मग गप्प बसते, अजिबात घाई नाही, चिऊ बघते बघते आणि म्हणते "बांगं". आजी म्हणते हां, वांगं, मग तिला त्या चित्रातल्या वांग्याचाच राग येतो कारण ते जांभळं आहे आणि गोल आहे, "ह्याचं काय भरीत होणार", असं म्हणत ती स्वयंपाकघरातनं आपलं हिरवं लांबडं भरताचं वांगं आणते (ज्याला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय) आणि पुस्तकाशेजारी ठेवते. चिऊ एकदा चित्राला हात लावते एकदा खऱ्याला, देठाचा काटा टोचतो, "टोचलं" म्हणते. आता मला सांगा ह्या सगळ्यात छापलेली ओळ कोणी वाचली का? नाही. पण वांगं, हिरवं, जांभळं, देठ, टोचलं एवढे शब्द झाले, दोन भाषांमध्ये झाले.

तर पद्धत हीच आहे, फक्त नीट पायऱ्यांनी सांगतो. बोट ठेवा, किंवा तिने ठेवलेल्या बोटाकडे बघा, ते जास्त चांगलं, कारण तिला ज्यात इंटरेस्ट आहे त्यावर बोललं की शब्द लवकर चिकटतो. एक छोटं काहीतरी बोला नाहीतर विचारा. मग थांबा. हे थांबणं लोकांना जमत नाही, मनातल्या मनात पाच आकडे मोजा, लहान मुलाला शब्द शोधायला वेळ लागतो आणि आपण तोपर्यंत पुढचं पान उलटून मोकळे होतो. तिने काहीतरी म्हटलं, नुसतं "भू" म्हटलं, तरी ते उचला आणि थोडं वाढवून परत द्या, "हो, भूभू! काळा भूभू, पळतोय बघ." चूक म्हणाली तर "नाही, असं नाही" करू नका, बरोबर शब्द आपल्या बोलण्यात येऊ द्या, बस. ही पद्धत काही मी काढलेली नाही, अमेरिकेत व्हाइटहर्स्ट नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ह्यावर अभ्यास छापला होता, नुसतं वाचून दाखवण्यापेक्षा असं विचारत-वाढवत वाचलं तर मुलांची भाषा जास्त पुढे गेली असं त्यात दिसलं. आमच्या आजीला ते कोण हे माहीत असायचं कारण नाही.

फक्त पोलीस चौकशी करू नका. हे काय, ते काय, हा कोणता कलर, किती आहेत, मोजून दाखव पाहुण्यांना. पाहुण्यांसमोर तर अजिबातच नाही, लेकरू बिचारं गप्प होतं आणि मग सगळे म्हणतात बोलत नाही का हा अजून. दोन गोष्टी विचारल्या की दोन आपण सांगायच्या, आवाज काढायचे, म्हैस रवंथ करते तसं तोंड करून दाखवायचं, आबांना हे फार छान जमतं.

पानं उलटायचं काम तिचं. एक वर्षाच्या आसपास तीन-चार पानं एकदम उलटतात, दोनच्या जवळ आलं की एक-एक जमायला लागतं. उलटं धरलं तर धरू द्या, मधूनच सुरू केलं तर करू द्या. तेच ते पुस्तक रोज आणलं तरी कंटाळा चेहऱ्यावर दाखवायचा नाही, तेच परत परत ऐकण्यातूनच शब्द पक्के होतात, आपल्याला पाठ होतं आणि झोपेत पण म्हणतो आपण ते वेगळं.

वेळ कुठली तर ठरवून तासिका लावू नका. आंघोळ-मालिश झाल्यावर, पप्पा दुकानावरून नाहीतर वावरातून आले की हातपाय धुवून, रात्री झोळीत टाकायच्या आधी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो आणि दुपारी बारा ते पाच लेकराला अंगणात सोडताच येत नाही, कूलरसमोर सगळं घर लोळत पडलेलं असतं, ती वेळ पुस्तकाची, त्याच्याइतकी चांगली वेळ वर्षात मिळत नाही. कूलरच्या तुषारांपासून लांब बसा मात्र, कागद फुगतो. संध्याकाळी सिरीयलच्या वेळी प्रयत्न करूच नका, टीव्ही चालू असला की पुस्तक हरतं.

पुस्तकं ठेवायची कुठे? कपाटात काचेमागे ठेवली तर ती शोभेची झाली. खाली, तिच्या हाताला येतील अशी, एखाद्या टोपलीत पाच-सहा, बाकीची पेटीत, आणि पंधरवड्याने अदलाबदल, जुनीच नवी वाटतात. फाटणार, चावली जाणार हे धरून चाला. फाटलं की ओरडायचं नाही, तिच्यासमोर चिकटपट्टी लावायची, "बघ, बरं केलं पुस्तकाला." फाडायची फारच हौस असेल तर जुना पेपर वेगळा द्या. पुठ्ठ्याचं पुस्तक चघळून ओलं झालं तर फडक्याने पुसून सावलीत वाळवा, आपल्या उन्हात ठेवलं तर पापडासारखं वाकतं.

कुठली घ्यायची ह्यावर जास्त डोकं चालवू नका. दोनच्या आत जाड पुठ्ठ्याची, एका पानावर एक-दोनच मोठी चित्रं, कोपरे गोल. त्यानंतर रोजच्या घरातल्या छोट्या गोष्टी, जेवण, आंघोळ, हरवलेली चप्पल वगैरे. नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्सची पुस्तकं स्वस्त असतात, पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची मराठी चित्रपुस्तकं चांगली असतात. सफरचंद, इग्लू आणि स्नोमॅन असलेला इंग्लिश सेट कोणी गिफ्ट दिला तर फेकू नका, चित्रावर मराठीत नाहीतर अहिराणीत बोला, कोण अडवतंय. आणि जाऊळाला, वाढदिवसाला मामा-मावशी विचारतात ना काय आणू, त्यांना स्पष्ट सांगा पुस्तक आणा, ते भोंगा वाजवणारं रिमोटचं जेसीबी नको.

फुकटात पाहिजे असेल तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर नावाची वेबसाईट आहे, २०१५ पासून चालू आहे, मराठी पुस्तकं आहेत, लेव्हल एकची बघा, डाऊनलोड करून प्रिंट मारायची परवानगी पण असते. पण मोबाईलवरच दाखवत बसू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच म्हणून, आणि तसंही मोबाईल हातात आला की गोष्ट राहते बाजूला, पोरगं लगेच बोटाने यूट्यूब शोधतं. झेरॉक्सवाल्याकडे कलर प्रिंट काढा, लॅमिनेशन करा, रिंग टाकून घ्या.

आणि एक पुस्तक घरी बनवाच. घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतात, त्यातल्या जाड घ्या, सारख्या मापात कापा, कोपरे गोल करा. त्यावर आपलेच फोटो प्रिंट करून फेव्हिकॉलने चिकटवा (कणकेची खळ नको, झुरळं येतात), वरून रुंद सेलोटेप पूर्ण मारा, पंचने भोकं पाडून जाड दोऱ्याने घट्ट बांधा, टोकं लोंबती ठेवू नका. पिना अजिबात नको. फोटो कशाचे, तर आजी खापरावर मांडा टाकतेय, केळीचा घड, कापूस वेचून भरलेलं गाठोडं, पोळ्याचा सजवलेला बैल, लाल एसटी, आखाजीचा (अक्षय तृतीयेचा) झोका, कानबाईच्या सणाच्या दिवशीची गर्दी, भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर उभी गाडी, आणि घरातल्या प्रत्येकाचा तोंडाचा मोठा फोटो, पुण्या-सुरतला राहणाऱ्या काकांचा पण. हे पुस्तक सगळ्यात आधी झिजतं, म्हणून फोटो फोनमध्ये जपून ठेवा. बियाण्याच्या पाकिटावरची चित्रं झकास असतात पण औषधाच्या, फवारणीच्या कुठल्याच पाकिटाचं काही कापून वापरू नका, ते तोंडात जाणार आहे.

पुस्तकात बघितलं ते बाहेर दाखवायचं आणि बाहेरचं पुस्तकात. गोठ्यात गाय बघून आलात की गाईचं पान उघडा, लगेच, तेव्हाच.

एक सिरीयस गोष्ट. इतकं बोलून पण दीड वर्षाचं लेकरू बोटाने काही दाखवतच नसेल, नावाने हाक मारली तर वळत नसेल, किंवा दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नसेल तर "मुलं उशिरा बोलतात, त्याचा बाप पण चारला बोलला" असं म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कान तपासून घ्या. अंगणवाडीत आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, सरकारी) पथक वर्षातून दोनदा मुलं तपासायला येतं, त्यांना पण सांगता येतं, पैसे लागत नाहीत.

विकत घेऊन घेऊन किती घेणार, म्हणून वाचनालय. जळगावला व. वा. वाचनालय आहे, धुळ्यात गरुड वाचनालय, तालुक्याला पण बहुतेक ठिकाणी एखादं असतंच, जाऊन विचारा लहान मुलांची काय पुस्तकं आहेत, डिपॉझिट किती. एवढंच की तिथून आणलेलं पुस्तक टोपलीत टाकू नका, वरच्या फळीवर ठेवा आणि मांडीवर घेऊनच दाखवा, कारण चावलेलं पुस्तक ते परत घेत नाहीत, भरून द्यावं लागतं.